शिक्षा संपल्यानंतरचा धोका

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसाला, त्याच्या हातून नवा गुन्हा घडलेला नसताना, केवळ तो पुढे घडेल या भीतीपोटी कोंडून ठेवण्याची मुभा काही देशांच्या कायद्यांनी सरकारला दिली आहे. अमेरिकेतील सुमारे वीस राज्यांत आणि संघराज्याच्या पातळीवर अशी ‘दिवाणी स्थानबद्धता’ आहे. कैदेची मुदत संपत आली की सरकार न्यायालयात अर्ज करते. मनोविकारतज्ज्ञ त्या कैद्याला तपासून साक्ष देतात. मनोविकृती आहे आणि त्यापायी तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव आहे, या दोन गोष्टी सिद्ध झाल्या की कैदी तुरुंगातून सुटून थेट कुलूपबंद उपचारसंस्थेत जातो. तिथे किती दिवस राहायचे याला मुदत नसते. भारतात असा कायदा नाही. बुलडाण्याच्या सत्र न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिलेला माणूस दहा वर्षांनी, सूट मिळाल्यास त्याआधीच, अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडतो आणि एसटीने गावी येतो. तो आता धोकादायक आहे की नाही, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील या कायद्यांची सध्याची पिढी वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये सुरू केली. कॅन्ससने १९९४ मध्ये तिचे अनुकरण केले आणि लहान मुलांवरील अत्याचारांसाठी वारंवार शिक्षा झालेल्या लेरॉय हेंड्रिक्सला त्याखाली अडकवले. एकाच गुन्ह्याला ही दुसरी शिक्षा झाली, हा त्याचा आक्षेप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. स्थानबद्धता ही शिक्षाच नाही, तो दिवाणी स्वरूपाचा बंदोबस्त आहे, असे बहुमताने म्हटले. पाच वर्षांनी क्रेन खटल्यात त्याच न्यायालयाने एवढीच पुस्ती जोडली की, स्वतःवर ताबा ठेवण्यात त्या माणसाला गंभीर अडचण असल्याचे दाखवावे लागेल.

हे तत्त्व व्यवहारात कुठवर जाते ते मिनेसोटात दिसले. तिथल्या कार्यक्रमात सातशेहून अधिक माणसे होती आणि वीस वर्षांत एकही पूर्णपणे मुक्त झालेला नव्हता. संघीय न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी २०१५ मध्ये ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, पण अपील न्यायालयाने २०१७ मध्ये तो निकाल फिरवला. उपचारासाठी ठेवलेला माणूस वीस वर्षांत बरा होत नसेल, तर एक तर उपचार खोटा किंवा उपचाराचे नाव खोटे. जर्मनीतही शिक्षेनंतरची स्थानबद्धता आहे. ती नावापुरतीच शिक्षेहून वेगळी असल्याचे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, आणि जर्मन घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये तिचे नियम घटनाबाह्य ठरवून ती नव्याने बांधायला लावली.

या साऱ्या इमारतीचा पाया एकच आहे : कोण पुन्हा गुन्हा करील हे आधी सांगता येते, हा विश्वास. तो किती पक्का आहे हे पाहायला हवे.

प्रारंभी हे काम डॉक्टरच्या अनुभवावर चालत असे. १९६६ च्या बॅक्सट्रम निकालानंतर न्यूयॉर्क राज्याला ‘धोकादायक मनोरुग्ण’ म्हणून कडेकोट संस्थांत ठेवलेले ९६७ जण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. स्टेडमन आणि कोकोझा या संशोधकांनी त्यांचा पुढे माग काढला. ज्यांच्याबद्दल तज्ज्ञांनी छातीठोकपणे इशारे दिले होते त्यांतले फारच थोडे पुन्हा हिंसेकडे वळले. पुढे १९८३ च्या बेअरफूट खटल्यात अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेनेच न्यायालयाला लेखी कळवले की, दीर्घ मुदतीच्या हिंसेबद्दलची तीनांपैकी दोन भाकिते चुकतात. न्यायालयाने तरीही अशी साक्ष ग्राह्य धरली.

त्यानंतर गुणांकाच्या पद्धती आल्या. सर्वांत जास्त वापरली जाणारी ‘स्टॅटिक-९९’ कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये तयार केली. तिच्यात दहा बाबी आहेत : सुटकेच्या वेळचे वय, जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षे राहिला आहे का, आधीचे लैंगिक गुन्हे, आधीची हिंसा, शिक्षेच्या तारखा, पीडित व्यक्ती नात्याबाहेरची होती का, अनोळखी होती का, पुरुष होती का, अशा. मुलाखत न घेताही ही बेरीज करता येते. डॉक्टरच्या अंदाजापेक्षा ती बरी ठरते, पण फार बरी नाही. हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची नोंद सुमारे १३ टक्क्यांबाबत सापडली. समजा, शंभर माणसे सुटली आणि त्यांतली तेरा पुन्हा गुन्हा करणार आहेत. हाती असलेली चाचणी धोकादायकांतले सत्तर टक्के आणि निरुपद्रवींतलेही सत्तर टक्के बरोबर ओळखते असे धरू. ती तेरांपैकी नऊ जणांना पकडेल, पण सत्त्याऐंशींपैकी सव्वीस जणांवरही धोक्याचा शिक्का मारेल. कोंडलेल्या पस्तीस जणांत सव्वीस असे असतील की ज्यांनी काहीच केले नसते. आणि सुटलेल्यांत चार असे, जे करतील. नोंद न झालेले गुन्हे धरले तर आकडे बदलतात हे खरे. त्याने चाचणीची कुवत मात्र वाढत नाही.

हीच दहा कलमे बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला लावून पाहिली की आणखी एक अडचण उभी राहते. जोडीदाराबरोबर दोन वर्षे राहण्याचा निकष कॅनडात किंवा इंग्लंडात माणसाच्या नाते टिकवण्याच्या क्षमतेबद्दल काही सांगतो. मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यात लग्न घरचे वडीलधारे ठरवतात. बाविसाव्या वर्षी बोहल्यावर चढलेला तरुण दोन वर्षे संसारात राहिला, यातून त्याच्याबद्दल फारसे कळत नाही; त्याच्या घरच्यांबद्दल कळते. आधीच्या गुन्ह्यांचा निकष तर नोंदींवर उभा आहे. गावात बदनामीच्या भीतीने तक्रारच होत नाही, झाली तर साक्षीदार फिरतात, आणि चार प्रतिष्ठितांच्या बैठकीत प्रकरण ‘मिटते’. कोऱ्या कागदावर शून्य गुण मिळणारा माणूस निर्दोष असेलच असे नाही. शिवाय अनोळखी पीडितेला ही चाचणी जास्त गुण देते, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिक्षक, लग्नाचे आमिष दाखवणारा. भारतीय लोकसंख्येवर तपासून न घेता ही फूटपट्टी न्यायालयात आणली, तर दशांश चिन्हापर्यंत अचूक दिसणारी चूक हाती येईल.

भारतीय कायद्यात मनोविकारतज्ज्ञाला या कामासाठी जागा जवळजवळ नाही. बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. २००५ च्या दुरुस्तीने त्यासाठी खास कलमही आले. पण ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला पोलीस जे विचारत आले आहेत ते शारीरिक आहे : जखमा, नमुने आणि आरोपी संभोगास सक्षम आहे का. ‘पुरुषत्व चाचणी’ या नावाने ओळखला जाणारा हा दाखला दोषारोपपत्राला वर्षानुवर्षे जोडला जातो. त्या माणसाच्या डोक्यात काय चालते, हा प्रश्न त्या छापील नमुन्यात नसतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये इच्छेविरुद्ध दाखल करण्याची सोय आहे, पण ती वेगळ्या माणसांसाठी आहे. कलम ८९ खाली दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आजाराची तीव्रता आणि अलीकडचे हिंसक वा आत्मघातकी वर्तन किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता दिसावी लागते, आणि मुदत तीस दिवसांची असते. त्यापुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या परवानगीने नव्वद, एकशेवीस, एकशेऐंशी दिवस. हाच कायदा बजावतो की, समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. बहुतेक बलात्काऱ्यांना असा आजार नसतो. मुलांबद्दलचे विकृत लैंगिक आकर्षण हे निदान वैद्यकात आहे, मात्र मुलांवर अत्याचार करणाऱ्या सर्वांना ते लागू पडत नाही आणि ज्यांना लागू पडते ते सगळे अत्याचार करत नाहीत. वेडाच्या भरात गुन्हा घडला म्हणून निर्दोष सुटलेल्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचे कलम आहे (जुन्या संहितेत ३३५, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३७४), पण लैंगिक गुन्ह्यात हा बचाव क्वचितच टिकतो.

मुदत नसलेल्या ताब्याचा भारतीय अनुभव मचांग लालुंग यांच्या रूपाने समोर आहे. आसामात १९५१ मध्ये अटक झालेल्या या माणसाला तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. १९६७ मध्ये तो बरा असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तरी त्याची रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. तो सुटला २००५ मध्ये, ५४ वर्षांनी. कागद हरवला की माणूस हरवतो, अशी ज्या व्यवस्थेची ख्याती आहे, तिच्या हाती बेमुदत स्थानबद्धता देण्याआधी हे नाव आठवावे.

तरीही भविष्यातल्या धोक्याचा अंदाज भारतात केला जातोच. तो सुटकेच्या दिवशी होत नाही, शिक्षेच्या दिवशी होतो. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी द्यावी की जन्मठेप हे ठरवताना, आरोपी समाजाला सतत धोका ठरेल का आणि तो सुधारू शकेल का, हे पाहायला सांगितले आणि त्याविरुद्धचा पुरावा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पुढची चाळीस वर्षे हा पुरावा क्वचितच दिला गेला. गुन्हा जितका अमानुष, तितका माणूस सुधारणेपलीकडचा, असा सोपा हिशेब रूढ झाला.

चिखलीत २०१९ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. बुलडाण्याच्या विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दोघांना फाशी सुनावली. अशा प्रत्येक शिक्षेवर उच्च न्यायालयाची मोहोर लागावी लागते. बारा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्काराला फाशीची तरतूद २०१८ मध्येच झाली होती आणि जिल्ह्यातला संताप कमालीचा होता. आरोपींचा मानसशास्त्रीय अहवाल मागवण्याचे बंधन तेव्हा कनिष्ठ न्यायालयावर नव्हते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या दोन खटल्यांनी मात्र त्याआधीच हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. शंकर खाडे प्रकरणात (२०१३) न्यायालयाने गुन्ह्याची आणि गुन्हेगाराची कसोटी वेगवेगळी लावायला सांगून फाशी रद्द केली. राजेंद्र वासनिक प्रकरण आणखी बोलके आहे. २००७ मध्ये तीन वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. त्याच्यावर तशाच स्वरूपाचे आणखी खटले होते. ‘हा पुन्हा करणारच’ असे वाटायला दुसरे काय हवे? १२ डिसेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी पुनर्विचारात ती फाशी रद्द केली. सुधारणेची शक्यता तपासलीच गेली नाही, आणि प्रलंबित खटले म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नव्हे, असे त्यांनी म्हटले. पण त्याच आदेशात, हा माणूस उरलेल्या आयुष्यात सुटता कामा नये, असेही लिहिले. धोका तपासला नाही म्हणून फाशी गेली. आणि न तपासताच तो मरेपर्यंत धोकादायक मानला गेला.

भारताची दिवाणी स्थानबद्धता ती हीच. स्वामी श्रद्धानंद (२००८) आणि श्रीहरन (२०१५) या निकालांनी उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना सूट न देता वीस, तीस वर्षांची किंवा अखेरच्या श्वासापर्यंतची कैद देण्याची वाट खुली केली. अमेरिकेत स्थानबद्ध माणसाची वेळोवेळी फेरतपासणी तरी होते, निदान कागदावर. इथे तिसाव्या वर्षी केलेले भाकीत सत्तराव्या वर्षीही लागू राहते. उलट, वय वाढते तशी लैंगिक गुन्हा पुन्हा करण्याची शक्यता घटते, हा या क्षेत्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे.

पुनरावृत्तीवर कठोर शिक्षेची कल्पनाही अशीच ताणली गेली. २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या दंड संहितेत आलेले कलम ३७६-ई दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशीपर्यंत नेणारे होते. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात सामूहिक बलात्काराचे दोन गुन्हे सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने घडले आणि दोन्ही खटल्यांत दोषसिद्धी मार्च २०१४ मध्ये लागोपाठ झाली. त्यांतल्या पहिलीचा आधार घेऊन दुसऱ्या खटल्यात तिघांना फाशी दिली गेली. शिक्षा भोगूनही न सुधारलेला, या अर्थाने त्यांतला कोणीही सराईत नव्हता. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले आणि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी फाशीच्या जागी पॅरोलविना आजन्म कैद दिली.

खरा बदल २० मे २०२२ च्या मनोज निकालाने आला. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचे मनोवैज्ञानिक मूल्यमापन, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातले वर्तन यांची माहिती सरकारने सत्र न्यायालयातच सादर करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नागपूरजवळच्या वाडीतील २००८ च्या बालिकेवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात वसंता दुपारे याची फाशी २०१४ मध्ये कायम झाली होती, पुनर्विचार अर्ज २०१७ मध्ये फेटाळला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, मनोज निकालातील निकष पाळले गेले नाहीत म्हणून, शिक्षेचा प्रश्न पुन्हा सुनावणीला घेण्याचा आदेश झाला. पण हे सर्व फाशीपुरते. सात, दहा, वीस वर्षांच्या शिक्षा झालेले, म्हणजे जे नक्की सुटणार आहेत ते, या तपासणीच्या बाहेरच राहिले.

सुटकेच्या उंबरठ्यावर फेरतपासणी करण्याची सोय भारतीय कायद्यात एकाच ठिकाणी आहे, आणि ती मुलांसाठी आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ कलम १५ खाली करते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तिथे मानसतज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याहून महत्त्वाचे कलम २०. शिक्षा झालेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाल न्यायालय परिवीक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून तो सुधारला का याचा अहवाल घेते. मग त्याला अटींवर, देखरेखीखाली सोडते किंवा उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवते. मूळ शिक्षेच्या मर्यादेत राहून, ठरलेल्या दिवशी, जिवंत माणसाकडे पाहून घेतलेला हा निर्णय आहे. प्रौढांसाठी असे काही का नसावे, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

प्रौढांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेला तेवढे निकष आहेत. लक्ष्मण नस्कर निकालाने (२०००) गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता आणि गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का हे पाहायला सांगितले. प्रत्यक्षात कारागृह अधीक्षक ‘वर्तणूक चांगली’ असे लिहितात. तुरुंगात लहान मुले नसतात, तेव्हा त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्याची तिथली वर्तणूक चांगलीच असायची. गुजरात दंगलीतील बिल्किस बानो बलात्कार प्रकरणातले अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ रोजी शिक्षेत सूट मिळून सुटले. ८ जानेवारी २०२४ रोजी ती सूट रद्द झाली, कारण खटला मुंबईत चालल्याने निर्णयाचा अधिकार गुजरातला नसून महाराष्ट्राला होता. वाद अधिकारक्षेत्रावर मिटला.

पोलीस आणि महसूल खात्याच्या हाती दोन जुनी हत्यारे आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपारी, आणि धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणाऱ्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली ‘धोकादायक व्यक्ती’ म्हणून वर्षभर स्थानबद्धता. पहिली माणसाला एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्यात टाकते. देऊळगाव राजातला जालन्यात गेला म्हणून जालन्यातल्या मुली सुरक्षित होत नाहीत. दुसरीला सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका दाखवावा लागतो, आणि हे गुन्हे बहुधा घराच्या चार भिंतींआड घडतात. २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय नोंदसंचात प्रारंभीच ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. तो फक्त तपास यंत्रणांना पाहता येतो. हे योग्यच आहे. अमेरिकेसारखी यादी उघडी केली तर ओळखीतला गुन्हेगार असलेल्या घरातली पीडितही उघडी पडते.

खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडकीस आले आणि राज्यभर खळबळ उडाली. धोका माणसात असतो तसा जागेतही असतो, हे अशा घटना सांगतात : रात्री मुलींच्या वसतिगृहात कोणाला प्रवेश आहे, अधीक्षिका मुक्कामी असते का, तक्रार करायची तर कोणाकडे. पॉक्सो नियम २०२० नुसार मुलांच्या संपर्कातल्या कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी बंधनकारक आहे. ज्याच्या नावावर गुन्हाच नाही त्याला ती अडवत नाही, पण ज्याच्या नावावर आहे त्याला अडवते, आणि तेवढ्यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही.

उपचारांबद्दलही फार आशा लावू नये. इंग्लंडच्या तुरुंगांतला प्रसिद्ध गटोपचार कार्यक्रम २०१७ मध्ये गुंडाळला गेला, कारण तो घेतलेल्यांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे १० टक्के आणि न घेतलेल्यांत ८ टक्के निघाले. देखरेख, काम आणि राहायला स्थिर जागा यांचा उपयोग अधिक दिसतो.

बुलडाणा शहरापासून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. बुलडाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, तिथला मनोविकार विभाग उभा राहील तेव्हा हे अंतर कमी होईल. अमेरिकेची बेमुदत स्थानबद्धता इथे आणू नये. ती तिथेही चालली नाही. पण सुटकेआधीची तपासणी आणि सुटकेनंतरची ठरावीक मुदतीची देखरेख प्रौढांच्या कायद्यात यायला हवी. तोवर हाती आहे ते वापरावे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६ प्रमाणेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ मध्येही, गंभीर गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरलेल्याने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि पत्त्यातला बदल पोलिसांना कळवावा, असा आदेश शिक्षा देतानाच करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. हा आदेश मागणारा अर्ज बुलडाणा, खामगाव, मलकापूर किंवा मेहकर इथल्या सरकारी वकिलांना शिक्षेच्या सुनावणीत देता येतो. त्याला नवा कायदा लागत नाही.